परक्या शाळेतली अर्हता : वाँटेज, चेल्टनहॅम आणि कुरखेडा

१

शिक्षकाच्या संदर्भात आपण ‘अर्हता’ हा शब्द वापरतो तेव्हा त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकवटलेल्या असतात. शिकवण्याची योग्यता अंगी असणे ही एक आणि ती आहे असे कोणीतरी अधिकाराने जाहीर करणे ही दुसरी. पहिली वर्गात कमवावी लागते, दुसरी कागदावर मिळते. कागद आधी आणि वर्ग नंतर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु शिक्षणाचा इतिहास पाहू लागलो की हा क्रम पुष्कळदा उलटा झालेला दिसतो. माणूस आधी फळ्यासमोर उभा राहतो, चार-पाच वर्षे मुलांत काढतो आणि मग कोणीतरी त्याला विचारते, तुम्ही शिक्षक आहात याला पुरावा काय?

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्यासारख्या अरण्यप्रदेशातील तालुक्यांना हा प्रश्न नवा नाही. २०००-०१ च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा सुरू झाल्या. नियमित शाळा जेथवर पोचली नव्हती अशा वाड्यांवर, पाड्यांवर, आणि आमच्याकडे ज्यांना टोले म्हणतात अशा वस्त्यांवर, गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी तुटपुंज्या मानधनावर शिकवू लागली. त्यांना स्वयंसेवक म्हणत, पुढे निमशिक्षक म्हणू लागले. ‘निम’ हा उपसर्ग किती बोलका आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. शिकवण्याचे काम पूर्ण होते, नाव मात्र अर्धे. ते पूर्ण करून घेण्यासाठी त्यांना सेवेत राहूनच अध्यापनाची पदविका मिळवावी लागली. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाच्या कलम २३ ने देशभरातील अप्रशिक्षित शिक्षकांना पाच वर्षांची मुदत दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवली. या शेवटच्या मुदतीत राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पदविका अभ्यासक्रमाला तेरा लाखांहून अधिक सेवेतील शिक्षकांनी नावे नोंदवली. एखाद्या देशातील इतके शिक्षक शिकवता शिकवता शिक्षक ‘होत’ असतील, तर या प्रक्रियेकडे केवळ प्रशासकीय तडजोड म्हणून पाहणे पुरेसे नाही.

या प्रक्रियेची एक बाजू विशेष विचार करण्यासारखी आहे. शाळा परकी असेल तर काय होते? ‘परकी’ हा शब्द येथे केवळ परदेशी या अर्थाने घेतलेला नाही. जिची भाषा, जिचे रीतिरिवाज, जिचे वरिष्ठ आपले नाहीत, ती शाळा परकी. अशा शाळेत काम करता करता शिक्षकाला जी अर्हता मिळते ती कोणाच्या बाजूची असते? मराठीत या प्रश्नाचे सर्वांत जुने नसले तरी सर्वांत सविस्तर नोंदले गेलेले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ ते १८८६ या काळात इंग्लंडमध्ये त्या एकाच वेळी विद्यार्थिनीही होत्या आणि शिक्षिकाही. त्या काळातला त्यांचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून, जुळवून ठेवला. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या धर्मांतराची कागदपत्रे म्हणून हा ग्रंथ नेहमी वाचला जातो. एका शिक्षिकेच्या अर्हतेची कागदपत्रे म्हणूनही तो वाचता येतो, असे मला वाटते.

२

इंग्लंडला जाण्यापूर्वी रमाबाईंची अर्हता काय होती, हे आधी पाहिले पाहिजे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवण्याचे धाडस केले आणि त्याबद्दल झालेला विरोध सोसून अरण्यात घर केले. रमाबाई आईजवळ शिकल्या. म्हणजे त्यांची पहिली शाळा जंगलातली, पहिली शिक्षिका आई आणि शिकवण्याची भाषा विद्वानांची होती. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या भ्रमंतीत आईवडील गेले. भावासह पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आज आपण त्यांचे नाव ज्या उपाधीसह घेतो ती कोणत्याही विद्यापीठाची नाही, कलकत्त्याच्या त्या सभेची आहे. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे इंग्लंडमध्ये त्यांच्या योग्यतेविषयी जी चर्चा झाली तिच्यात या पदवीचे वजन फारसे कोणी धरले नाही.

बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये झालेला विवाह, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म, १८८२ च्या फेब्रुवारीत आलेले वैधव्य, त्यानंतर पुण्यात येणे आणि आर्य महिला समाजाची स्थापना हा भाग सर्वांना परिचित आहे. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका हव्यात, त्या शिक्षिकांना पद्धतशीर प्रशिक्षण हवे, त्यांना आधी स्वतःच्या भाषेचे शुद्ध ज्ञान असावे आणि मग इंग्रजीचे, त्यांना शिष्यवृत्ती मिळावी, आणि त्यांचे वेतन पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक असावे, असे त्यांनी सांगितले. या साक्षीची आठवण बहुधा स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात निघते. परंतु तिचा मोठा भाग शिक्षिकेच्या अर्हतेविषयी आहे, आणि त्यातला भाषेचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वभाषा आधी, परभाषा नंतर. चोवीस वर्षांच्या या विधवा स्त्रीला शिक्षिका कशी घडते याची स्वतःची एक कल्पना होती आणि ती कल्पना घेऊनच त्या परदेशी गेल्या.

३

१८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन बोटीत बसल्या. बरोबर आनंदीबाई भगत होत्या. प्रवासखर्चाचा काही भाग ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला होता. वाँटेज येथे कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाचा मठ होता आणि पुण्यातही या संघाचे काम चालत असे. मठात राहण्याची व्यवस्था एका सरळ देवघेवीवर ठरली होती. हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी इंग्रजी व इतर विषय शिकायचे.

या कराराला मी फार महत्त्व देतो. रमाबाई तेथे याचक म्हणून गेल्या नव्हत्या. आपल्याजवळचे ज्ञान देऊन दुसऱ्याजवळचे घ्यायला त्या गेल्या होत्या. शिकवणे आणि शिकणे या दोन्ही क्रिया एकाच छपराखाली, एकाच माणसाकडून होत होत्या. इंग्लंडला ही कल्पना अपरिचित नव्हती. १८४६ पासून तेथे विद्यार्थी-शिक्षक पद्धत चालू होती. तेरा वर्षांचे मूल पाच वर्षांच्या उमेदवारीवर प्राथमिक शाळेत लागे, दिवसा खालच्या वर्गांना शिकवी आणि उरलेल्या वेळात मुख्याध्यापकाकडून स्वतः शिके. सुताराचा किंवा लोहाराचा पोऱ्या जसा हत्यारे हाताळता हाताळता कारागीर होतो, तसा शिक्षक घडावा, ही त्यामागची दृष्टी. परंतु त्या उमेदवाराकडे गुरूला देण्यासारखे काही नसे. रमाबाईंकडे होते, आणि वाँटेजचा करार या कारणाने वेगळा ठरतो.

वाँटेजचे दिवस सुखाचे गेले नाहीत. आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वैद्यकाचा अभ्यास करण्याचा त्यांचा मानस होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडावा लागला. उरला मार्ग अध्यापनाचा. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये दाखल झाल्या.

४

१८५३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्राचार्या डोरोथिया बील होत्या. त्या १८५८ पासून त्या पदावर होत्या आणि मुलींच्या माध्यमिक शिक्षणाला इंग्लंडमध्ये जी प्रतिष्ठा आली तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठी प्रशिक्षण हवेच, असा समज तेव्हा तेथेही रूढ नव्हता. विषय येतो ना, मग शिकवताही येईल, असेच पुष्कळांचे मत होते. बील यांना ते मान्य नव्हते. १८८५ साली त्यांनी चेल्टनहॅममध्येच अशा शिक्षिकांसाठी निवासी प्रशिक्षण महाविद्यालय उघडले. म्हणजे अध्यापन हा शिकण्याचा विषय आहे, ही गोष्ट ज्या ठिकाणी आकार घेत होती, नेमक्या त्याच ठिकाणी रमाबाई होत्या. त्या संस्कृत शिकवीत आणि गणित, निसर्गविज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत. मनोरमा बराच काळ वाँटेजला भगिनींकडे राही. परक्या शाळेत अर्हता मिळवण्याची किंमत आईने आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलीने मिळून मोजली, हे विसरता येत नाही.

पेच निर्माण झाला तो पुरुष विद्यार्थ्यांवरून. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, असा एक प्रस्ताव पुढे आला. बील यांना त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु हिंदुस्थानात काम करणाऱ्या दोन बिशपांचा, लाहोरचे थॉमस वॅल्पी फ्रेंच आणि मुंबईचे लुई मिल्न यांचा, त्याला सक्त विरोध झाला. हिंदुस्थानी स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी परतल्यावर तिच्याविषयी आदर उरणार नाही, तेथील स्त्रियांत तिला काम करता येणार नाही, शिवाय प्रसिद्धीने ती हुरळून जाईल, अशी त्यांची कारणे होती. रमाबाईंना संस्कृत येते की नाही, त्या चांगले शिकवतात की नाही, हा मुद्दाच या पत्रांत नाही. त्यांची योग्यता निर्विवाद होती. वाद होता तो परवानगीचा.

रमाबाईंनी बील यांना लिहिलेल्या उत्तराचा आशय असा आहे की आपली आई आणि आपण तरुण पुरुषांना शिकवीत असता वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि आता काही इंग्रज मंडळी ती घेत आहेत याचे आश्चर्य वाटते. हे उत्तर अतिशय नेमके आहे. बिशप ज्या ‘हिंदुस्थानी लोकमता’च्या नावाने बोलत होते, त्या लोकमताच्या आतून आलेली स्त्री त्यांना सांगत होती की तुमची माहिती अपुरी आहे. आपल्या समाजाविषयीचे तिचे ज्ञान हाही तिच्या अर्हतेचा भाग होता आणि तो मान्य करायला परीक्षक तयार नव्हते. सिस्टर जेराल्डिन यांना त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रांत रमाबाई आणखी पुढे जातात आणि आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, विचार करण्याचे स्वातंत्र्य आपण कोणाच्या हवाली करणार नाही, असे स्पष्ट बजावतात.

याच पत्रव्यवहारात क्रॉसवरील अक्षरांचा एक प्रसंग येतो. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारले की आमच्या देशातील लोकांना लॅटिन कळत नाही, मग तेथे संस्कृत शब्द का नकोत? वरवर पाहता हा क्षुल्लक हट्ट वाटेल. पण शिक्षिकेच्या दृष्टीने पाहिले तर तो अध्यापनाचा मूलभूत प्रश्न आहे. जे अक्षर आपण अंगावर वागवतो ते समोरच्याला वाचता यायला नको काय? संस्कृतही हिंदुस्थानातील बहुसंख्यांना कळत नव्हते, विशेषतः ज्यांना ती भाषा शिकण्याचा अधिकारच नाकारला होता त्यांना, हा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्त आहे. परंतु आपले वाक्य विद्यार्थ्याच्या दिशेने तोंड करून लिहिले पाहिजे, ही जाणीव या हट्टात आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

५

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाईंनी इंग्लंड सोडले. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी झालेला तो समारंभ निमित्त ठरला आणि रमाबाईंचा अमेरिकेतील मुक्काम लांबला. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले आणि त्या पद्धतीच्या धर्तीवर मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. येथे त्यांच्या अर्हतेला पूर्णता आली असे मला वाटते. जर्मन शिक्षकाची पद्धत, अमेरिकन शाळेत शिकलेली, मराठी मुलींसाठी मराठीत उतरवलेली! १८८२ च्या साक्षीतला भाषेचा क्रम त्यांनी सोडला नव्हता.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. या शाळेचे कर्तृत्व सांगताना तिच्यावरील वादही सांगितला पाहिजे. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते या आक्षेपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सल्लागार समितीतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. मात्र चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी जो प्रश्न बिशपांना विचारला होता तोच आता पुण्याच्या पालकांनी रमाबाईंना विचारला, असे म्हणता येईल: तुमची शिकवण्याची योग्यता आम्हांला मान्य आहे, पण ती कोणत्या अटींवर येते? शाळा चालवणाऱ्याच्या हातात अट घालण्याची सत्ता येते. आपण एकेकाळी दुसऱ्या बाजूला होतो, एवढ्याने त्या सत्तेतून सुटका होत नाही.

६

रमाबाईंच्या नंतर आपल्याकडे परक्या शाळेचा प्रश्न उलट दिशेने सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. या मुलांना शाळा परकी होती, म्हणून या दोघी अंगणात गेल्या आणि अंगणवाडी झाली. मुले गुरे राखायला जात, म्हणून त्या कुरणात गेल्या आणि कुरणशाळा झाली. अनुताईंचे स्वतःचे पुढचे शिक्षणही नोकरी करता करताच झाले होते. शिक्षक परका आहे आणि त्याने मुलांच्या जगात प्रवेशाची परवानगी मागितली पाहिजे, ही भूमिका त्यांनी प्रत्यक्षात आणली.

आता कुरखेड्याकडे वळतो. रमाबाईंचा आणि या जंगलाचा थेट संबंध जोडण्याचा मोह होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या होत्या, तेथून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. परंतु तेवढ्यावर काही उभारायचे कारण नाही. संबंध आहे तो प्रश्नाचा.

नागपूरचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. एवढ्या काळात शिक्षकाला प्रमाणपत्र देणारी राजधानी बदलत गेली. मुलांच्या घरातली भाषा मात्र तीच राहिली. कुरखेड्याच्या पश्चिमेला झाडीबोली, जंगलातल्या गावांत गोंडी, कोरचीकडे जाऊ लागले की छत्तीसगडी कानावर पडते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे झाडीबोलीला साहित्याच्या चर्चेत स्थान मिळाले आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीमुळे तिला प्रेक्षकही आहे. प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकाला सामोरे जाताना झाडीबोली बोलणारे मूल अडखळते खरे, तरी त्याला निदान दाराची कडी सापडते. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. ती बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळा म्हणजे अक्षरशः परकी शाळा. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक देशात होते. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही.

अशा शाळेत शिक्षक म्हणून येणारा तरुण चंद्रपूरचा असो, बीडचा असो की कुरखेड्याच्याच बाजारपेठेतला, पहिल्या दिवशी तो रमाबाईंच्या जागी असतो. समोरच्या मुलांची भाषा त्याला येत नाही. फरक एवढाच की वाँटेजला रमाबाई एकट्या आणि संस्था बलिष्ठ होती, तर येथे संस्था शिक्षकाच्या पाठीशी आहे आणि एकटे पडते ते मूल. हा फरक मोठा आहे. वाँटेजला इंग्रजी शिकल्यावाचून रमाबाईंचे चालले नसते. येथे गोंडी शिकल्यावाचून शिक्षकाचे चालते. वर्ग शांत असतो, हजेरीपट भरतो, आणि न समजण्याचा दोष मुलाच्या नावावर पडतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची अपेक्षा आहे. शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम २९ मध्येही, व्यवहार्य असेल तेथवर, शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. कुरखेडा तालुका पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो, आणि अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकादी पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवारांना स्थान देणारी राज्यपालांची अधिसूचना २०१४ साली निघाली होती. तिच्यामागचा हेतू चांगला होता. पण तीत उमेदवाराचा जन्म पाहिला गेला, भाषा तपासली गेली नाही. अध्यापन पदविकेत बालमानसशास्त्र आहे, अध्यापनपद्धती आहेत. शिक्षक पात्रता परीक्षेत मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती अशा भाषांचे पर्याय आहेत. गोंडी त्यांत नाही.

७

येथे आजच्या इंग्लंडशी एक तुलना करण्याजोगी आहे. १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने परदेशी शिक्षकांच्या अर्हतेला मान्यता देण्याची नवी पद्धत सुरू केली आणि तिच्यात भारताचाही समावेश केला. गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांच्या, ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांना तिचा लाभ घेता येतो. या अर्जासाठी अनेक कागद लागतात, परंतु एका अटीतून सुटका नाही: आपल्याला इंग्रजी येते हे दाखवावे लागते. अट अगदी साधी आणि न्याय्य आहे. ज्या मुलांना शिकवायचे त्यांची भाषा शिक्षकाला आली पाहिजे, एवढेच ती म्हणते.

मग नागपूरहून इंग्लंडला जाणाऱ्या शिक्षकाला जी अट कोणालाही जाचक वाटत नाही, ती नागपूरहून कुरखेड्याच्या जंगलातल्या टोल्यावर येणाऱ्या शिक्षकाला का नसावी? याचे उत्तर अडचणींत शोधले जाते. गोंडीची बोलीरूपे अनेक, लिपीचे प्रश्न, पुस्तकांची वानवा. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या मूळ कारण नाहीत. मूळ कारण हे की इंग्रज मुलाची भाषा आपण भाषा समजतो, म्हणून ती न येणे ही शिक्षकाची उणीव ठरते. गोंड मुलाची भाषा आपण अडथळा समजतो, म्हणून ती सोडून देण्याची जबाबदारी मुलावर पडते.

२०१९ साली धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. पुढे शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवणारी नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मोहगावची कथा वाचताना मला चेल्टनहॅमची पत्रे आठवतात. येथेही वाद योग्यतेचा नाही. मुलांना त्या शाळेत समजते की नाही, हा प्रश्न नोटिशीत असू शकत नाही, कारण नोटीस परवानगीविषयी असते. नियमांची गरज मी नाकारत नाही. शाळेच्या नावाखाली काहीही चालू नये, यासाठी मान्यतेची पद्धत हवीच. पण मान्यता देणाऱ्याला मुलाची भाषा येत नसेल तर तो नेमके काय तपासतो, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे.

रमाबाईंच्या इंग्लंडमधील तीन वर्षांकडे आपण एका बंडखोर स्त्रीची कथा म्हणून पाहतो आणि ते चुकीचे नाही. तथापि शिक्षणाच्या अभ्यासकाने वाँटेजच्या त्या पहिल्या कराराकडे पुन्हा जावे. मराठी द्यायची आणि इंग्रजी घ्यायची. जोवर ही देवघेव चालली तोवर परकी शाळा शिकण्याची जागा होती. एका बाजूला फक्त द्यायचे आहे आणि दुसरीने फक्त घ्यायचे आहे असे ठरले, त्या दिवसापासून पत्रांचा सूर बदलला.

गडचिरोलीत हा करार आजही करता येण्याजोगा आहे. नव्या शिक्षकाने पहिल्या वर्षी गावाकडून गोंडी शिकावी. जंगलातल्या झाडांची, नात्यांची, मोजमापांची नावे मुलांकडून घ्यावीत. वर्षाअखेर त्याची तोंडी परीक्षा व्हावी आणि परीक्षक गावातली दोन म्हातारी माणसे असावीत. त्या परीक्षेचा निकाल सेवापुस्तकात नोंदला जावा, पदविकेच्या खालच्या ओळीत. निमशिक्षकांना पूर्ण शिक्षक करण्यासाठी शासनाने मुदती दिल्या, अभ्यासक्रम काढले, खर्च केला. त्यांच्या अर्हतेचा हा उरलेला अर्धा भाग मात्र कुरखेड्यातच मिळू शकतो, आणि तो देणाऱ्यांना अजून कोणी विचारलेले नाही.